रसशोषक किडी : सोंड कुठे रुतते, त्यावर सगळं ठरतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, ढेकण्या… दुकानात विचारलं की बहुतेक वेळा सगळ्यांवर एकच बाटली पुढे येते. पण या सगळ्या किडी झाडाच्या एकाच भागातून जेवत नाहीत. लक्षणं वेगळी दिसतात ती त्यामुळेच, आणि एकीला लागू पडलेलं औषध दुसरीला लागू पडत नाही तेही त्यामुळेच.

रसशोषक किडी नेमक्या कोणत्या? फुलकिडे आणि लाल कोळी त्यात धरायचे का?

फवारणीच्या वेळापत्रकात सगळे एकत्रच धरतात, पण जेवण्याची पद्धत पाहिली तर हे दोघे वेगळे. खरे रसशोषक हेमिप्टेरा गणातले. त्यात एका बाजूला मावा, पांढरी माशी, सायला, पिठ्या ढेकूण, खवले कीड. दुसऱ्या बाजूला सगळे तुडतुडे आणि सिकाडा. तिसऱ्या बाजूला ढेकूणवर्गीय. ढेकूणवर्गीयांचा पुढचा पंख मुळाशी चामड्यासारखा जाड आणि टोकाला पडद्यासारखा पातळ असतो. पंख मिटले की पाठीवर फुलीसारखी आकृती दिसते. भुंग्याच्या पाठीवर मात्र मधोमध सरळ रेघ असते.

फुलकिडे पेशी फोडून रस घेतात, म्हणून पान चंदेरी होतं. कोळ्याला आठ पाय असतात. तो कीटकच नाही. रसशोषक किडींसाठीची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारली तर कोळी उलट वाढतो, कारण त्याला खाणारे भक्षक आधी मरतात.

सोंड असते तरी कशी? एवढासा कीटक पानात ती घुसवतो कशी?

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मोठा लाल ढेकूण उलटा करून बघा. डोक्यापासून निघालेली एक सांधेदार काठी पोटाला समांतर, पायांच्या मधे पडलेली दिसेल. अनेकांना हीच सोंड वाटते. प्रत्यक्षात ती म्यान आहे. झाडात ती जातच नाही. तिच्या खोबणीत केसाहून बारीक चार सुया एकत्र बसलेल्या असतात. बाहेरच्या दोन सुयांच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. त्या आळीपाळीने थोड्या थोड्या पुढे सरकत वाट काढतात. आतल्या दोन सुया एकमेकींत अडकून दोन नळ्या तयार करतात. एका नळीतून लाळ झाडात जाते, दुसरीतून अन्न कीटकात येतं. सुया आत जात असताना म्यान गुडघ्यासारखं दुमडतं किंवा आखडतं.

लाळ हा या गोष्टीतला मुख्य भाग. मावा, तुडतुडे यांच्यासारख्या किडी आधी एक घट्ट लाळ सोडतात. ती सुयांभोवती थिजून आवरण बनते आणि कीड निघून गेल्यावरही पानात राहते. सूक्ष्मदर्शकाखाली पानाचा काप पाहिला की हे आवरण दिसतं आणि सुई कुठपर्यंत पोचली होती ते कळतं. दुसरी लाळ पाण्यासारखी पातळ असते. तिच्यात पेशी विरघळवणारे विकर असतात आणि पिकाची विकृती बहुतेक तिच्यामुळे होते.

एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा: ही कीड पानाचा पृष्ठभाग चघळत नाही. त्यामुळे जे विष फक्त पानावर बसतं आणि पोटात गेल्यावरच काम करतं, त्याचा इथे काहीही उपयोग नाही. विष अंगाला लागलं पाहिजे, नाही तर रसात उतरलं पाहिजे.

मावा रस ओढून घेतो ना? मग एवढा चिकटा कुठून येतो?

फारसा ओढावा लागत नाही. झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात. जलवाहिनी मुळांकडून पाणी वर नेते, रसवाहिनी पानात तयार झालेली साखर इतर भागांकडे नेते. रसवाहिनीतला रस दाबाखाली असतो. माव्याची सुई तिच्यात शिरली की रस आपोआप वर येतो. जेवणाऱ्या माव्याची सुई कापून टाकली तरी उरलेल्या टोकातून तासन्‌तास थेंब येत राहतात. संशोधक शुद्ध रस गोळा करायला ही युक्ती वापरतात.

या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी अमिनो आम्लं तुटपुंजी. पुरेसं पोषण मिळवायला माव्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस घ्यावा लागतो, आणि जास्तीची साखर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. तोच चिकटा. उरलेली पोषणाची उणीव बुकनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात. ते माव्याच्या शरीरातल्या खास पेशींत राहतात आणि अंड्या-पिल्लांतून पुढच्या पिढीत जातात.

चिकट्यावर काळी बुरशी वाढते. कोकणात आंब्याच्या मोहोरावर खार पडली म्हणतात, विदर्भात संत्र्यावर काळी माशी आली की कोळशी आली म्हणतात. कारण दोन्हीकडे एकच. ही बुरशी पानात घुसत नाही, वर पसरते आणि ऊन अडवते. म्हणून नुसतं बुरशीनाशक मारून काही साधत नाही. चिकटा देणारी कीड आटोक्यात आली की कालांतराने काळा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

चिकटा दिसला तर समजा, कीड रसवाहिनीतून जेवतेय. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड, आंब्यावरचे तुडतुडे, सायला या सगळ्या त्यातल्याच. आणि रसवाहिनीतून जेवणाऱ्या किडीपर्यंत आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरून रसाबरोबर फिरणारं) औषध पोचवता येतं.

जलवाहिनीतून जेवणारी कीड असते का?

असते. सिकाडा आणि फेसाच्या गोळ्यात लपून बसणारे थुंकी कीटक त्यातले. जलवाहिनीतला रस दाबाखाली नसतो, उलट ताणाखाली असतो. तो विहिरीवरच्या हापशासारखा जोर लावून उपसावा लागतो. त्यासाठी या कीटकांच्या कपाळामागे मोठे स्नायू असतात, म्हणून त्यांचं तोंड पुढून फुगीर दिसतं. आपल्या पिकांत यांचं नुकसान किरकोळ असतं.

कपाशीची पानं कडेने लाल होतायत, पण चिकटा कुठेच नाही. लाल्या म्हणायचा की तुडतुडे?

पान उलटं करून पाहा. फिकट हिरवी, पाचरीच्या आकाराची, तिरकी चालणारी पिल्लं शिरांजवळ दिसली तर तुडतुडे. ते सुईने पानाच्या आतल्या पेशी आणि बारीक शिरा दोन्ही खराब करतात. लाळेमुळे रसाचा प्रवाह अडतो आणि पानाच्या कडेला अन्नपाणी पुरत नाही. आधी कडा पिवळ्या पडतात, मग वळतात, मग लाल होऊन करपतात. विकृती कडेकडून आत सरकते.

मॅग्नेशियमच्या कमतरतेचा लाल्या वेगळा दिसतो. तो जुन्या, खालच्या पानांवर आधी येतो. शिरांमधला भाग लाल होतो, शिरा बराच काळ हिरव्या राहतात आणि पान मुरडत नाही. इथे कीटकनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. शेतात दोन्ही एकत्र असण्याचीही शक्यता असते, म्हणून रंगावर न जाता पानामागची पिल्लं मोजा.

ज्या वाणांच्या पानांवर दाट, लांब लव असते त्यांवर तुडतुडे कमी येतात, कारण ते अंडी शिरेच्या आत घालतात आणि लव त्यांना शिरेपर्यंत पोचू देत नाही. बियाणं घेताना याची चौकशी जरूर करा. तीच लव पांढऱ्या माशीला मात्र सोयीची पडते.

काजूच्या कोवळ्या फुटीवर काळे चट्टे पडून मोहोर सुकतो. कीड तर फार दिसत नाही?

हा ढेकण्या, म्हणजे टी मॉस्क्युटो बग. दिसायला डासासारखा लांब पायांचा. पाठीवर टाचणीच्या डोक्यासारखा एक उभा काटा असतो, तो ओळखीची पक्की खूण. याला रसवाहिनी शोधायची नसते. सुई पेशींत फिरवत तो लाळ सोडतो, पेशी विरघळवतो आणि ते पातळ मिश्रण शोषतो. टोचलेली जागा आधी पाणी लागल्यासारखी दिसते, थोड्या वेळात तपकिरी आणि मग काळी होते. एकच ढेकण्या दिवसभरात अनेक ठिकाणी टोचतो, त्यामुळे संख्या कमी असूनही फांदी जळते. त्या जखमांतून बुरशी शिरली की मोहोर झपाट्याने वाळतो.

अंडी तो कोवळ्या देठाच्या आत घालतो. बाहेर फक्त दोन लहानमोठे धाग्यासारखे तंतू दिसतात. त्यामुळे अंडी फवारणीतून वाचतात आणि एका फवारणीने काम भागत नाही. नवी पालवी, मोहोर आणि बी धरणं या तीन टप्प्यांवर पाहणी करायची आणि गरज असेल तिथे फवारायचं. औषध कोणतं, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीत पाहा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा. भर मोहोरात मधमाश्यांच्या वेळेला नको.

तुरीच्या शेंगा वरून चांगल्या, आतले दाणे मात्र सुरकुतलेले. कशामुळे?

शेंगेवरच्या ढेकण्यांमुळे. ते शेंगेच्या सालीतून सुई आत घालून थेट दाण्यातून जेवतात. शेंगेला छिद्र राहत नाही, म्हणून अळीचं नुकसान जसं लगेच लक्षात येतं तसं हे येत नाही. मळणीनंतर दाणे बारीक, डागाळलेले निघतात आणि उगवतही नाहीत. भातातली गोष्टही तीच. दाणे दुधाळ असताना लोंबीवरचा ढेकण्या त्यातलं दूध शोषतो आणि लोंबी पोचट राहते. म्हणून त्याच्या फवारणीचा काळ तेवढाच, फुलोऱ्यापासून दाणा चिकापर्यंत. दाणा घट्ट झाल्यावर मारलेलं औषध वाया जातं.

कपाशीतला लाल ढेकण्या आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा करडा ढेकण्या हेही बी शोषणारेच. लाल ढेकण्या हिरव्या बोंडातूनही सरकीपर्यंत सुई पोचवतो आणि त्याबरोबर बुरशी आत शिरून रुई पिवळी, डागाळलेली होते. करडा ढेकण्या उमललेल्या बोंडात मुक्काम ठोकतो. जिनिंगमध्ये चिरडला की रुईला डाग पडतो. तिथे फवारणीपेक्षा वेळेवर वेचणी आणि वेचलेला कापूस उन्हात पसरणं जास्त उपयोगी.

बीटी कपाशी घेऊनही या किडी का येतात?

कारण बीटी त्यांच्यासाठी नाहीच. भारतात २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीतलं प्रथिन बोंडअळ्यांच्या आतड्यावर काम करतं. तुडतुडे आणि मावा यांच्या आतड्यावर त्याचा परिणाम होत नाही. शिवाय अनेक संकरित वाण मुळातच तुडतुड्यांना बळी पडणारे होते, आणि बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्यावर त्यांच्या ओघात मरणाऱ्या रसशोषक किडींना मोकळं रान मिळालं.

बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम लावलेलं असेल तर साधारण पहिला महिनाभर संरक्षण मिळतं. त्या काळात उगाच फवारू नका. आणि पहिली फवारणी करायची वेळ आली तर पुन्हा त्याच गटाचं औषध घेऊ नका. कारण पुढे येतंच आहे.

फवारायचं कधी? मोजायचं कसं?

एकरी २० झाडं, शेतात तिरपं चालत निवडलेली, बांधाकडची नाहीत. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं एकेक पान. पान तोडू नका, हळूच उलटा, नाही तर पांढरी माशी आणि प्रौढ तुडतुडे मोजण्याआधीच उडतात. सकाळी लवकर मोजलेलं बरं. कपाशीत सरासरी एका पानामागे पुढील संख्या भरली तर फवारणीचा विचार करा:

तुडतुडे : २ ते ३
मावा : १०
फुलकिडे : १०
पांढरी माशी : ८ ते १० प्रौढ किंवा २० पिल्लं

याच पानांवर ढालकिडे (लेडीबर्ड), क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी आणि फुगून तपकिरी झालेले मावे किती आहेत हेही लिहून ठेवा. फुगलेला, कडक झालेला मावा म्हणजे आत परोपजीवी गांधीलमाशी वाढतेय. असे मावे बरेच दिसले तर चारपाच दिवस थांबून पुन्हा मोजा. पिवळे चिकट सापळे एकरी १० ते १२ लावा. ते कीड आली की नाही ते सांगतात. शेत वाचवण्याचा उपाय म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

आंतरप्रवाही औषध मारूनही कीड तशीच. औषध खोटं होतं का?

खोटं असूही शकतं, पण त्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली, तुम्ही पाहताय कधी? फ्लोनिकॅमिड आणि पायमेट्रोझीन कीड पाडत नाहीत. तिचं सुई टोचून जेवणंच बंद पाडतात. कीड दोनतीन दिवस पानावर बसलेली दिसते आणि उपाशी मरते. दुसऱ्या दिवशी "कीड हलतेय" म्हणून दुसरं औषध मारलं तर पहिल्याचे पैसे गेलेच.

दुसरी, कीड कोणत्या अवस्थेत आहे? बुप्रोफेझिन पिल्लांना कात टाकू देत नाही. प्रौढांना मारत नाही. पायरीप्रॉक्सिफेनचं काम अंडी आणि पिल्लांवर. प्रौढ पांढऱ्या माश्यांचा थवा उडत असताना ही औषधं एकटी मारली की निराशा ठरलेली.

तिसरी, औषध झाडात कुठे जातं? बहुतेक आंतरप्रवाही औषधं जलवाहिनीतून वरच्या दिशेने जातात. शेंड्यावर मारलेलं खोडाच्या सालीखाली उतरत नाही. स्पायरोटेट्रामॅट वर आणि खाली दोन्हीकडे जातं, म्हणून लपलेल्या पिठ्या ढेकणावर ते वापरतात. पण त्याला वेळ लागतो आणि त्याला पालवी हवी. झाड पाण्याच्या ताणावर असेल तर काहीच नीट वाहत नाही. जमिनीत ओल असताना फवारा.

चौथी, पाणी पुरेसं होतं का? मोठ्या कपाशीला एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. पंपाच्या चारपाच टाक्यांत एकर उरकला तर पानाची खालची बाजू कोरडीच राहते, आणि पिल्लं असतात तिथेच. हॉलो कोन नोझल वापरा आणि भाला खालून वर धरा.

पाचवी, गट, म्हणजे औषध किडीवर कसं काम करतं त्यावरून केलेली वर्गवारी. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, डिनोटेफ्युरॉन ही नावं चार, गट एकच : ४ए. एकामागून एक मारली तर औषध बदललं असं वाटतं, प्रत्यक्षात कीड त्याच विषाला सरावते. फ्लोनिकॅमिड (गट २९), बुप्रोफेझिन (१६), डायफेन्थ्युरॉन (१२ए), स्पायरोटेट्रामॅट (२३) यांच्यातून फेरपालट करा. गटाचा आकडा लेबलवर नसला तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मात्रा लेबलवरचीच; कपाशीत फ्लोनिकॅमिड ५० टक्के डब्ल्यूजी १० लिटरला ३ ग्रॅम येतं. ते ६ ग्रॅम केल्याने दुप्पट कीड मरत नाही.

औषध मारल्यावर पांढरी माशी उलट वाढली. असं होतं का?

होतं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं आणि दोनतीन औषधांची मिश्रणं मारली की पानाखालची पिल्लं बऱ्यापैकी वाचतात, पण त्यांना खाणारे ढालकिडे आणि परोपजीवी मरतात. पुढची पिढी विनाअडथळा वाढते. भातात तपकिरी तुडतुड्यांचं हेच होतं.

भाताच्या बांधीत मधेच गोल चट्टे पडून भात जळाल्यासारखा दिसतो. पाणी तर आहे?

चुडाच्या बुंध्याशी बघा. तपकिरी तुडतुडे पाण्याच्या थोडं वर, दाटीने बसलेले असतात; वरून पानांवर काही दिसत नाही. रसवाहिनीतून ते इतका रस काढतात आणि लाळेच्या आवरणांनी नळ्या इतक्या अडवतात, की चूड वाळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या भातपट्ट्यात दाट लावणी, जास्त युरिया आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की हा प्रकार वाढतो.

चुडात ५ ते १० तुडतुडे दिसू लागले की आधी बांधीतलं पाणी तीनचार दिवस काढून टाका. लावणीच्या वेळीच दर दोनतीन मीटरवर ३० सेंटिमीटरचा पट्टा रिकामा सोडला असेल तर बुंध्याशी हवा आणि ऊन पोचतं, आणि फवारणीला आत शिरताही येतं. फवारा बुंध्यावर मारा. वरून मारलेलं औषध पानांवरच अडकतं. पायरेथ्रॉइड इथे अजिबात नको.

युरियाने मावा वाढतो, हे खरं आहे का?

हो. जास्त नत्राने कोवळी वाढ होते आणि रसातली अमिनो आम्लं वाढतात. माव्याला त्याचीच कमतरता असते. एका हप्त्यात सगळा युरिया देण्यापेक्षा माती परीक्षणानुसार विभागून द्या.

पपईवर रिंगस्पॉट (माव्यातून पसरणारा विषाणूरोग) येऊ नये म्हणून दर आठ दिवसांनी माव्याचं औषध मारलं तर?

पैसे वाया जातील. उडता मावा पानावर बसला की रसवाहिनीपर्यंत जाण्याआधी वरच्या पेशीत सुई टोचून चव बघतो. हे काही सेकंदांचं काम, आणि रिंगस्पॉटचा विषाणू एवढ्यात पसरतो. औषधाने मावा मरेपर्यंत तो चार झाडं चाखून झालेला असतो. तिथे रोपं जाळीत वाढवणं, बागेभोवती मक्यासारख्या उंच पिकाच्या ओळी लावणं आणि पहिली रोगट झाडं दिसताच उपटून नष्ट करणं हेच कामाचं. जवळ काकडीवर्गीय पिकं नकोत; विषाणूचा एक प्रकार त्यांच्यावरही राहतो.

पांढऱ्या माशीतून पसरणारे विषाणू निराळे. भेंडीचा केवडा, टोमॅटोचा पर्णगुच्छ, मुगाचा पिवळा मोझॅक यांचे विषाणू माशीला रसवाहिनीतून मिळतात, तिच्या शरीरातून फिरून लाळेत येतात, आणि त्याला काही तास जातात. एकदा बाधलेली माशी मात्र पुढे बराच काळ रोग पसरवते. इथे लवकर केलेल्या माशीच्या नियंत्रणाचा उपयोग होतो. रोपवाटिकेला ४० ते ५० मेशची जाळी आणि दुहेरी दार ठेवा. रोप जाळीतून बाधित निघालं तर शेतातल्या फवारण्या त्याला बरं करू शकत नाहीत.

पिठ्या ढेकणाभोवती मुंग्या का फिरतात? मुंग्या मारायच्या का?

मुंग्या चिकटा खायला येतात आणि बदल्यात ढालकिडे, परोपजीवी यांना हुसकावतात, पिल्लं नव्या फांदीवर नेऊन सोडतात. त्यामुळे मुंग्यांचा बंदोबस्त केला की अर्धं काम होतं. द्राक्षात एप्रिल छाटणीनंतर ओलांड्यांवरची (वेलीच्या आडव्या फांद्यांवरची) आणि खोडावरची सुटी साल काढा. सालीखालचे ढेकूण उघडे पडतात, मग फवारा लागतो. त्यांच्या अंगावरचं मेण पाणी झटकतं, म्हणून द्रावणात चिकटद्रव्य हवंच. कपाशीत बांधावरचं गाजर गवत काढा आणि फरदड (वेचणी संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) ठेवू नका. दोन्हींवर ढेकूण पुढच्या हंगामापर्यंत टिकतो.

औषधाशिवाय पिठ्या ढेकूण आटोक्यात आल्याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये ॲसेरोफॅगस ही बारीक परोपजीवी माशी भारतात आणून सोडली आणि प्रादुर्भाव ओसरला. उसावरचा लोकरी मावा २००२ मध्ये सांगली भागात उसळला. तो पुढे डिफा (शेतकरी याला कोनोबाथ्रा म्हणतात) आणि मायक्रोमस या भक्षकांनी खाली आणला. जिथे हे भक्षक दिसतात तिथे कीटकनाशक मारणं हा स्वतःच्या पायावर धोंडा.

सगळे ढेकूण शत्रूच का? मित्र ढेकूण ओळखायचा कसा?

नाही. मोठ्या डोळ्यांचा जिओकोरिस, फुलकिडे खाणारा इवलासा ओरिअस, भातात तुडतुड्यांची अंडी शोषणारा हिरवट मिरिड ढेकूण, अळ्यांवर सोंड रोवणारे रेडुव्हिड हे सगळे आपल्या बाजूचे. ओळख सोंडेवरून होते. पिकावर जगणाऱ्या ढेकणाची सोंड बारीक, लांब, पोटाला चिकटून सरळ. रेडुव्हिडची सोंड आखूड, जाड आणि आकड्यासारखी वाकलेली. अळी खाणाऱ्या ढालीच्या आकाराच्या ढेकणाची सोंड मुळाशी चांगलीच जाड असते आणि तो ती पुढे रोखू शकतो. रेडुव्हिड हातात धरू नका. चावला तर गांधीलमाशीसारखी आग होते.

५ टक्के निंबोळी अर्क नीट कसा करायचा?

सावलीत वाळवलेल्या निंबोळ्या कुटून ५ किलो भरड घ्या. संध्याकाळी ९ लिटर पाण्यात भिजत घाला. वेगळ्या भांड्यात २०० ग्रॅम साधा साबण १ लिटर पाण्यात विरघळवा. सकाळी अर्क पांढरट होईपर्यंत ढवळा, दुहेरी फडक्यातून गाळा, साबणाचं पाणी मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. ठेवलेला अर्क उतरतो आणि कडक उन्हात लवकर निष्प्रभ होतो. जुन्या, बुरशी आलेल्या निंबोळ्या टाकून द्या. नोझल चोंदतो तो बहुतेक वेळा एकाच फडक्यातून गाळल्यामुळे.

याचं काम खाणं कमी करणं आणि पिल्लांची वाढ अडवणं हे आहे. कीड थोडी असताना तो चालतो. पानं चिकट्याने ठिबकू लागल्यावर निंबोळी अर्काकडून चमत्काराची अपेक्षा करू नका.

फवारताना कोणती काळजी अगदी टाळू नये?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा तोंडावर येतो. म्हणून पीक छातीच्या वर गेलं असेल तर समोर न फवारता, मागे सरकत, वाऱ्याच्या दिशेने फवारा जाईल असं चाला. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. उपाशीपोटी नाही, भर दुपारी नाही. मनाने औषधं मिसळायची नाहीत. मळमळ, घाम, अंधारी, बाहुल्या बारीक होणं यातलं काही दिसलं तर लगेच काम थांबवा, कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि डब्याचं लेबल घेऊनच दवाखान्यात जा.

कीड ओळखून घ्यायची आहे. नमुना कसा न्यायचा?

प्लॅस्टिकच्या पिशवीत पान कोंबू नका. घाम येऊन सगळं कुजतं. कीड असलेलं पान वर्तमानपत्रात गुंडाळा, वर गाव, पीक, पिकाचं वय आणि शेवटची फवारणी कधी, कशाची हे लिहा. मोठे ढेकूण आणि तुडतुडे ७० टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवा. पिठ्या ढेकूण, खवले कीड फांदीच्या तुकड्यासह न्या. खरवडून काढली की सुया झाडातच राहतात आणि कीड ओळखता येत नाही. फोटो पाठवायचा असेल तर पानाच्या मागच्या बाजूचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा.